खोक्यावरचं पान त्या झाडाचं नाही

खोक्यावर छापलेलं पान चुकीचं आहे. आधी हे सांगते, मग बाकीचं. पांढरा खोका, त्यावर हसणारी एक बाई, तिच्या गुडघ्यातनं निघणाऱ्या तांबड्या रेघा आणि कोपऱ्यात एक हिरवंगार टोकदार पान. ज्या झाडाच्या सालीचं ते मलम आहे, ते झाड मी परकरात होते तेव्हापासून बघतेय. त्याचं पान असलं नसतंच. साल नेली, वाटायची रीत नेली, आणि पान मात्र कुठल्यातरी भलत्याच झाडाचं आणून चिकटवलं. चोरी करायची तर निदान नीट तरी करावी.

हां, आता नमस्कार घ्या. हा ब्लॉग माझ्या मुलीचा, मंदाचा. ती शाळेत शिकवते, सुट्टीत किल्ले चढते आणि कुठल्या धाब्यावर पिठलं बरं मिळतं ते तुम्हाला सांगते. या खेपेला लिहितेय मी, तिची आई, हौसाबाई. शिक्षण चौथी, तेही अर्धं. कागदावर मी लिहिलं, टाइप तिनं केलं. तिला बजावलंय, वेलांट्या दुरुस्त कर, माझे शब्द दुरुस्त करायला जाऊ नको.

आम्ही महादेव कोळी. माझं माहेर आंबेगाव तालुक्यात, डिंभे धरणाच्या वर, पार डोंगरात. सध्या मुलीकडे राहते, जुन्नर तालुक्यात डिंगोऱ्याला. यंदा, २०१२ साली, दिवाळी सरल्यावर नातीचा पाय कबड्डीत मुरगळला. मंदानं ओतूरच्या मेडिकलमधनं ती ट्यूब आणली. टोपण उघडलं आणि घरभर माझ्या थोरल्या बहिणीच्या ओट्याचा वास पसरला. वरनं कसलंतरी अत्तर घातलं होतं. पण गोठ्यात अत्तर शिंपडलं म्हणून गोठा कळायचा राहतो होय?

माझी थोरली बहीण सोनाबाई. मी तिला आक्का म्हणते. ती मोडलेली हाडं बसवते. हात लावून हाड जागेवर आणायचं, सालीचा लेप थापायचा, वर बांबूच्या कामट्या बांधायच्या. तिच्याआधी आमची आई करायची. आईनं ही विद्या मला दिली नाही, कारण झाडाकडे जाताना तोंड मिटून जायचं असतं. आई म्हणाली, हौशी गप राहायची न्हाई, झाड पळून जाईल.

त्याच आठवड्यात आक्काच्या मुलाचा, तुकारामाचा फोन आला. म्हणाला, "मावशी, तू ये. कंपनीनं त्या मलमाचं पेटंट मागितलंय. पुण्याच्या एका वकीलबाईनं आपल्या वतीनं हरकत घेतलीय. घोडेगावला पेटंट कचेरीचे साहेब येणार, आईचा जबाब घेणार. आई म्हणती मी येत न्हाई."

पेटंट म्हणजे काय ते मंदानं मला चुलीपाशी बसून सांगितलं. सरकार लिहून देतं की हे अमक्यानं शोधून काढलं, आता इतकी वर्षं दुसऱ्या कुणी ते करून विकायचं नाही.

"कुणी शोधून काढलं म्हणतात?" मी विचारलं.

मंदानं नाव सांगितलं. ते नाव मी इथं लिहीत नाही, कारण मंदा म्हणते कोर्टात खेचतील. पण नाव ऐकलं आणि मी पिशवी भरायला घेतली. तो माणूस आक्काच्या घरी जेवलेला आहे. आमच्याकडे त्याला सगळे पाव्हणा म्हणायचे.

पहिला दिवस

डिंगोऱ्यातनं सकाळी निघालात तर बनकर फाट्यावरनं गणेशखिंडीच्या घाटानं जुन्नरला उतरा. घाट छोटा आहे पण वळणं फार, तेव्हा खाऊन बसू नका. जुन्नरहून नारायणगावला एसटी मिळते, तिथनं मंचर, मंचरहून घोडेगाव. नारायणगावला मिसळ खायची असेल तर स्टँडच्या बाहेर खा. तर्री मागून घ्यावी लागते, हल्ली आपणहून वाढत नाहीत. टोमॅटोचे क्रेट भरलेले टेम्पो रस्ता अडवून उभे असतात, त्यामुळे गाडी सुटायला वेळ लागतो. भांडू नका, उपयोग नाही. मी भांडून बघितलंय.

मंचरच्या गाडीत कंडक्टरची न् माझी जुंपली. म्हाताऱ्यांना अर्धं तिकीट असतं, ते मी मागितलं.

"आजी, वयाचा दाखला?"

"तोंड दिसत न्हाई का?"

"तोंडावर वय लिहिलेलं नसतं, आजी. कागद पायजे."

"माझ्या आईनं मला भातलावणीच्या दिवसात बांधावर जन्म दिला. तिथं कागद कुठनं आणायचा, चिखलात?"

गाडी हसली. मागनं एक जण ओरडला, "दे की राव अर्धं, आजी उतरताना तुला पण उतरवील!" कंडक्टरनं पूर्णच फाडलं. पोरगं वाईट नव्हतं, पण नियमाला बांधलेलं. दाखला नाही म्हणजे म्हातारी नाही. हे मी गाडीत हसण्यावारी नेलं. दोन दिवसांनी त्याच गोष्टीवर हसू आलं नाही.

घोडेगावच्या पुढं डिंभ्याचं धरण लागतं. भिंत ओलांडली की डाव्या-उजव्या हाताला पाणीच पाणी. फोटोवाले तिथं थांबतात. थांबा, चहा मिळतो. फक्त एवढं ध्यानात ठेवा की ज्या गावावरनं तालुक्याला आंबेगाव नाव पडलं, ते जुनं गाव या पाण्याखाली आहे. फोटो काढताना कुणाच्या ओट्यावर कॅमेरा धरलाय तेवढं कळलेलं बरं.

पुढं वडापची जीप. आत माणसं, टपावर माणसं, मागच्या शिडीला माणसं. पाण्याच्या कडंकडंनं रस्ता वळत जातो, खड्डे इतके की बोलताना जीभ चावते. मंदा दरवेळी तुम्हाला कुठं उतरायचं, कुठल्या वाटेनं चढायचं ते सांगते. मी सांगणार नाही. आमच्या वाडीचं नाव पण लिहिणार नाही आणि झाडाचं तर नाहीच नाही. का, ते पुढं वाचलं की कळेल. भीमाशंकरला जा, आहुप्याला जाऊन कडा बघा, आमच्या वाडीला येऊ नका.

आक्का खळ्यावर भात पाखडत होती. मला बघून सूप खाली ठेवलं नाही.

"आलीस? त्यांनी धाडली?"

"मी आपली आले. नवा भात खायला."

"खोटं बोलतीस. तुला भात पचत न्हाई."

संध्याकाळी नाचणीची भाकरी, खुरासणीची, म्हणजे कारळ्याची, चटणी आणि ओढ्यातल्या खेकड्यांचा रस्सा. असला रस्सा तुम्हाला कुठल्या हॉटेलात मिळायचा नाही, आणि मिळाला तर समजा कुणाच्यातरी आक्काचा उचललेला आहे.

पाव्हण्याची गोष्ट

नव्वदच्या पुढची वर्षं होती, धरणात पाणी चढायला लागलेलं. तेव्हा हा माणूस जीप घेऊन यायचा. झाडाझुडपांचा अभ्यास करतो म्हणायचा. पानं तोडून जुन्या पेपरांत दाबायचा. म्हाताऱ्यांशी नीट बोलायचा, चप्पल बाहेर काढायचा, वाढलेलं सगळं खायचा. मला आवडला नव्हता असं आता म्हणणं सोपं आहे. आवडला होता.

एकदा ओढ्यात शेवाळावरनं घसरला आणि उजवं मनगट मोडलं. खाली दवाखान्यात न्यायचं तर तेव्हा गाडी मिळायची मारामार, त्याच्या जीपला चालवणारा तोच. आक्कानं मनगट बसवलं, लेप दिला. आमच्याकडे दुखणाईत माणूस झाड बघायला आला तर त्याला नाही म्हणत नाहीत. तो आक्काच्या मागं झाडापर्यंत गेला, नियमाप्रमाणं तोंड मिटून गेला. सगळं बघितलं. वाटताना बघितलं, त्यात काय काय पडतं ते बघितलं. मनगट जुळेपर्यंत आक्काच्याच ओसरीवर होता.

बरा झाल्यावर नारळ घेऊन आला. आमच्यात तेवढंच चालतं. औषधाचे पैसे घ्यायचे नाहीत, रोगी बरा झाला की त्यानं वनदेवाला नारळ फोडायचा. त्यानं नारळ आणला होता, हे खरं आहे. उगाच खोटं कशाला बोलू. आक्काला म्हणाला, "बाई, हे जगाला कळलं पाहिजे." आक्का म्हणाली, "ज्याचं मोडंल त्याला कळंल."

मग तो यायचा थांबला. काही वर्षांनी सालीसाठी कंपनीच्या ठेकेदाराची माणसं यायला लागली.

दुसरा दिवस

सकाळी आक्का मला झाडाकडे घेऊन गेली. बोलू नको म्हणाली. मी बोलले नाही, म्हणजे बघा.

आमची रीत अशी. साल पाहिजे असेल तर आदल्या सांजेला झाडाला आवतण द्यायचं. बुंध्याशी चार तांदूळ, हळद-कुंकू ठेवायचं आणि सांगायचं, उद्या येते, दुखणं घेऊन येते, रागवू नको. सकाळी जाताना वाटेत कुणाशी बोलायचं नाही. उगवतीच्या अंगानं तळहाताएवढी साल काढायची आणि उघड्या पडलेल्या जागी शेणमाती लिंपायची. ती जखम भरून येत नाही तोवर त्या झाडाला परत हात लावायचा नाही, दुसऱ्याकडे जायचं. झाडं पुष्कळ होती म्हणून हे चालायचं.

आता ऐका काय बघितलं ते. उतारावरची झाडं उभी होती, पण पांढरी. बुंध्यापासून माणसाचा हात पोचतो तिथपर्यंत चहूबाजूंनी साल सोललेली. बोकड सोलतात तशी. अशी सोलली की झाड मरतं, याला शाळा लागत नाही. एकाला अजून शेंड्याला चार पानं होती. त्याला कुणी सांगितलं नसावं.

ठेकेदाराकडे फॉरेस्टचा पास होता. आक्काकडे कोयती होती. गार्डनं पकडलं ते आक्काला. "म्हातारे, जंगलाची नासाडी करतीस?" असं तोंडावर म्हणाला, आणि त्याच्या मागनं पोती भरलेला ट्रक उतरत होता.

देवाच्या राईत एक झाड तेवढं राहिलंय. राईत कोयता न्यायला ठेकेदाराची माणसं पण भ्याली. त्या झाडाच्या उगवतीच्या अंगाला आक्कानं घेतलेल्या सालीची जागा होती, कडेनं भरत आलेली, मधे अजून ओली. आक्कानं बोटानं चाचपली आणि मान हलवली.

परत आलो तर ओट्यावर माणसं. पारगावच्या ऊसतोडीवरचं जोडपं होतं. बाई भरलेल्या बैलगाडीवरनं पडली होती, हात कोपराखाली मोडलेला, ओढणीनं गळ्यात बांधलेला. कुणीतरी सांगितलं डोंगरात म्हातारी हाडं बसवते, म्हणून इतक्या लांबनं आले. नवऱ्याचं नाव रावसाहेब, आणि अंगावरचा सदरा बाहीपाशी फाटलेला.

आक्कानं हात बघितला. हाड जागेवर आणलं, बाईनं एवढा ओठ चावला की रक्त आलं. कामट्या बांधल्या. मग आक्का म्हणाली, "लेप न्हाई. मंचरला मोठ्या दवाखान्यात जा, पलास्टर घालून घ्या."

रावसाहेब म्हणाला, "आजी, तुमचं नाव ऐकून आलोय. लेप द्या की."

"झाडाची जागा भरली न्हाई."

"म्हंजी?"

"म्हंजी न्हाई."

मी आक्काच्या कानात म्हणाले, एकच झाड आहे, एकदा घे, कोण बघतंय. ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मीच मागं सरले. मग रावसाहेबानं खिशातनं काय काढलं असेल? तीच ट्यूब. पांढरा खोका, हसणारी बाई. मंचरच्या मेडिकलवाल्यानं दिली होती. "मग ही चोळू का, आजी?"

आक्कानं ट्यूब घेतली, बोटावर थोडं पिळलं, दोन बोटांत चोळून बघितलं. म्हणाली, "नीट वाटलं न्हाई. कच्चं हाय." आणि टोपण लावून परत दिली. "लाव. मोडलेल्याला काय व्हायचं न्हाई, कातडी गरम हुईल."

ते जोडपं निघालं. आक्काच्या ओट्यावरनं कुणी लेपाशिवाय गेलेलं मी जन्मात बघितलं नव्हतं. ती बाई वाटेच्या वळणावर थांबून मागं बघत होती. तिला वाटलं असेल, ऊसतोडवाले म्हणून दिलं नाही.

त्या दुपारी मी आक्काला तयार केली. म्हटलं, ज्यानं ही झाडं सोलून घेतली त्याला सरकार आता शिक्का देणार आहे. शिक्का मिळाला की राईतलं पण राहणार नाही. तू येऊन बोल. आक्का हो म्हणाली. पटलं म्हणून नाही. त्या ऊसतोडीच्या बाईच्या तोंडाकडे बघून.

तिसरा दिवस

घोडेगावच्या स्टँडवर वडापाव चांगला मिळतो, पण तिखट मिरची आधी चाखून घ्या. वकीलबाई तिथंच भेटली. पुण्याची, चाळिशीची, धावपळ करणारी. आक्काचे पाय शिवले. बाई मनानं चांगली, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तिनं आक्काला चहाच्या टपरीवर समजावलं. "आजी, आपल्या देशाचा कायदा आता म्हणतो की रानातल्या लोकांना तोंडी ठाऊक असलेली गोष्ट दुसऱ्याला आपला शोध म्हणून नेता येत नाही. लिहिलेलं नसलं तरी चालतं. तुम्ही फक्त एवढं सांगा, हे औषध आमचं आहे, आमच्या आया-आज्यांपासून आमचं आहे."

आक्का बशीतला चहा पीत राहिली. मी तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं.

हॉलमध्ये पंखे होते, प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या, पाण्याच्या बाटल्या फक्त टेबलापलीकडच्यांना. मधे साहेब, तरुण, चष्मेवाला. एका बाजूला कंपनीचा वकील, टाय लावलेला. पाव्हणा आला नव्हता. परदेशात आहेत म्हणाले. आमच्या वाडीतली माणसं मागं दाटीनं उभी.

साहेबानं आदबीनं विचारलं, "आजी, हाडं तुम्ही बसवता?"

"बसवते."

"हे कुणाकडून शिकलात?"

"आईकडनं."

"आणि त्या?"

"तिच्या आईकडनं आसंल. मी तवा नव्हते."

लोक हसले, साहेब पण हसला. वकीलबाईचा चेहरा उजळला. मला वाटलं, जिंकलो.

मग टायवाला उठला. आवाज गोड. "आजी, मला एकच सांगा. हे औषध तुमचं आहे का?"

वकीलबाई पुढं झुकली. तुकाराम मागनं पुटपुटला, "आई, हो म्हण."

आक्का म्हणाली, "माझं न्हाई."

"मग तुमच्या वाडीचं?"

"वाडीचंबी न्हाई."

"तुमच्या समाजाचं?"

"औषदाला कुठं समाज आसतो?"

"मग कुणाचं, आजी?"

"रानाचं."

मागनं कुणीतरी शहाणा बोलला, "रान तर फॉरेस्ट खात्याचं!" आणि सगळा हॉल हसला. टायवाला पण हसला. त्यानं लगेच साहेबाला सांगितलं, जबाबात घ्या, औषधावर त्यांचा कसलाही दावा नाही. साहेबानं मान डोलावली आणि लिहायला सांगितलं.

मी उभी राहिले. म्हटलं, साहेब, थांबा, मला बोलायचंय. आमच्यात औषध देणाऱ्यानं 'माझं' म्हणायचं नसतं. म्हटलं की हाताचा गुण जातो. म्हणून ती तसं बोलली. त्याचा अर्थ ते कुणीही उचलून न्यावं असा नाही. ते लिहून घ्या.

साहेबानं विचारलं, "तुम्ही औषध देता का?"

"न्हाई. पण मला सगळं ठाऊक हाय."

"मग बसा, आजी. आज जबाब फक्त औषध देणाऱ्यांचा."

वकीलबाईनं पण आवाज चढवला, कायद्याचं कलम काढलं, बोलली बरंच काही. साहेब म्हणाला, तुमचं म्हणणं लेखी द्या. आणि पुढची फाईल मागवली. म्हणजे असं झालं बघा, ज्या बाईला विचारलं तिला बोलता येत नव्हतं, आणि जिला बोलता येत होतं तिला खाली बसवलं.

स्टँडवर परत आल्यावर मी आक्काला सोडली नाही. चारचौघांत भांडले.

"एक शब्द व्हता, आक्का. एक. म्हणली आसतीस तर काय जीभ झडली आसती?"

"जीभ न्हाई. हात."

"हाताला काय व्हतं? हे समदं आईनं भ्या दाखवायला सांगितलेलं. कुणी औषदाचा बाजार मांडू नये म्हणून."

"ठावं हाय मला."

"ठावं हाय? मग?"

आक्कानं पदरानं तोंड पुसलं. "मग काय. ती रीत बाजार मांडू नये म्हणूनच हाय ना? तो तरी काय म्हणतोय? माझं म्हणतोय. मीबी माझं म्हणले, तर त्याच्यात न् माझ्यात साल तेवढी येगळी राहील. उद्या राईतल्या झाडाची जागा भरंल. ती पारगावची बाई परत आली, तर कुठल्या तोंडानं आवतण देऊ त्याला?"

राग तर जास्तच आला. मी तिला वडापाव दिला, तिनं मिरची काढून मला परत दिली. तिची जीप आधी आली. टपावर बसायला जागा होती, आत नव्हती. ती तशीच चढायला गेली, तेव्हा कुठं आतनं एका पोरानं उठून जागा दिली.

घरी

परतीचा रस्ता तोच. मंचरहून मी पूर्ण तिकीट काढलं, वाद घालायला अंगात जीव नव्हता. तुम्ही याच वाटेनं येणार असाल तर गणेशखिंडीत ऊन उतरताना या, जुन्नरच्या अंगाचे डोंगर तेव्हा बघण्यासारखे दिसतात. मी नाही बघितले. डोळे मिटून बसले होते.

नातीचा पाय बरा झाला. ट्यूबनं की आपोआप, ठाऊक नाही. ती ट्यूब खोक्यासकट अजून फडताळात आहे. मंदा म्हणते फेकून दे, मी फेकत नाही. त्यात आमची साल आहे. फेकायची कशी, आणि लावायची तरी कशी? तर ती तशीच पडून आहे, पान पुढं करून.

परवा वकीलबाईचा फोन आला. प्रकरण अजून संपलं नाही, पुढची तारीख मिळेल. म्हणाली, "आजी, सोनाबाईंना परत आणता येईल का? या वेळी आपण नीट तयारी करून घेऊ." म्हणजे आक्काला 'माझं' म्हणायला शिकवणार. चार पोरं न् मोडलेली शेकडो हाडं सांभाळलेल्या बाईला बालवाडीसारखं घोकून घेणार.

मी म्हटलं, नाही. तिला आता कुणी काही विचारायचं नाही. तिनं जे खरं होतं ते सांगितलं, तुम्ही ते तिच्या विरुद्ध लिहून घेतलं. गरिबालाच का सारखं विचारता, हे तुझं आहे का, दाखला कुठाय? ज्यानं 'माझं' म्हणून अर्ज केला, त्याला अजून एकदाही कुणी विचारलेलं नाही की बाबा, तुझं कसं?

हे वाचणाऱ्यांत त्याच्या ओळखीचा कुणी असेल तर त्याच्यापर्यंत पोचवा. साहेबांनाही हेच सांगणं आहे. पुढच्या तारखेला आक्का येणार नाही, वकीलबाई येणार नाही, टायवाल्यानं पण यायचं नाही. त्यानं यायचं. परदेशातनं यायचं, आणि हॉलमध्ये नाही, राईत यायचं. ज्या हातानं अर्जावर सही केली तो हात आक्कानं बसवलेला आहे. तो उजवा हात त्यानं झाडाच्या ओल्या जागेवर ठेवायचा आणि सगळ्या वाडीसमोर सांगायचं, हे कुणाचं.

उत्तर त्यानंच द्यायचं. दुसऱ्या कुणी तोंड उघडायचं नाही. मीही उघडणार नाही.